समोरच्याची बाजू, सहीनिशी

अल्मोडा,
रविवार, ९ जुलै २०२३

आदरणीय दादू आणि दादी,

दोघांच्या पाया पडते. आज रविवार, म्हणजे पत्रांचा तास. वसतिगृहाच्या पांडे मॅडम दारात खुर्ची टाकून मोजे विणत बसल्या आहेत. जिचं पान भरेल तिलाच पुरी आणि बटाट्याची भाजी. शिवाय घरच्यांना लिहिलेलं प्रत्येक पत्र त्या वाचतात, त्यामुळे इथलं जेवण उत्तम आहे.

बाकीच्या मुली महिन्यातून एकदा मिळणाऱ्या पाच मिनिटांच्या फोनसाठी जीव टाकतात. मी तो मम्मी-पप्पांना मस्कतला लावते, कारण दादू, तुम्ही फोनवर येतच नाही. ‘फोनवर लोक पुटपुटतात’ म्हणता आणि रिसीव्हर दादीच्या हातात देता.

बातमी अशी की नववीतून वादविवाद स्पर्धेसाठी माझी निवड झाली! विषय आहे ‘वसतिगृहात मोबाइल असावा की नसावा’. मी ‘असावा’ म्हणणार, आणि ‘नसावा’ म्हणणार हेमा मर्तोलिया. ती माझ्या शेजारच्या पलंगावरची, मुनस्यारीची, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. ती इतकं हळू बोलते की तिला हजेरी दोनदा द्यावी लागते. जिंकणारी शाळेतर्फे जिल्ह्याला जाणार. दादू, मला जायचंच आहे.

तर सकाळी खिडकीतून पेपर द्याल तेव्हा शेजारच्या मास्टरदादांना सांगा, गुनगुनला मुद्दे पाठवा. त्यांचे मुद्दे गणितासारखे असतात, एकातून दुसरा निघतो. दोन घरांच्या मधल्या भिंतीत खिडकी असलेलं घर माझंच आहे, असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय. कुणाला खरं वाटत नाही.

तुमची लाडकी,
गुनगुन

---

बरेली,
१७ जुलै

चि. गुनगुनला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. पिनकोडमधला चार तू पुन्हा नऊसारखा काढलास. अडतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाच्या नातीला हे शोभत नाही.

मुद्द्यांचं सोड. मुद्दे कोण ऐकतं? तुझ्या पप्पानं पाठवलेल्या पैशांतून गेल्या महिन्यात त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. बैठकीत पूर्वेच्या भिंतीवर टांगलाय, कारण बटण तिथेच आहे. रोज संध्याकाळी सात वाजता ‘नगारा’ लागतो. सहा चौकटी, सहा माणसं, आणि मध्ये अँकर. काय बोलतात! एकेक शब्द खणखणीत कानात पडतो. आपल्या घरात असं स्वच्छ कुणी बोलत नाही. तुझी दादी तर हल्ली पदराशीच बोलते.

त्यावरून तुला शिकवतो. प्रश्न विचारायचा, पण उत्तर ऐकायचं नाही. उत्तर ऐकलंस की संपलीस. हातात कागद हवेत, कोरे चालतील, पण मधूनमधून ते टेबलावर आपटायचे. समोरची बोलायला लागली की ‘विषय बदलू नका!’ म्हणायचं. ती विषयावरच बोलत असेल तर हे जास्त जोरात म्हणायचं. आणि अगदीच अडचण झाली तर ‘हो की नाही, एका शब्दात सांगा!’ यातून आजवर कुणी सुटलेला मी पाहिला नाही.

मास्टर सध्या फार कामात आहेत. त्यांना त्रास देऊ नकोस.

तुझा दादू,
ब्रजनंदन कुलश्रेष्ठ

त. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. परवा जेवताना तुझ्या दादूंनी ताटावर बोट आपटून मला विचारलं, ‘आज पुन्हा भेंडी का? एका शब्दात सांग!’ मी म्हटलं, ‘भेंडी.’ तेव्हापासून माझ्याशी चर्चा बंद आहे. सुखात आहे. – दादी

---

अल्मोडा,
रविवार, ३० जुलै

आदरणीय दादू,

काल स्पर्धा झाली. तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. काहीच सोडलं नाही.

कागद आपटले. ‘विषय बदलू नका’ अकरा वेळा म्हटलं, कल्पना मेहरा मोजत होती. हेमा म्हणाली, ‘आमच्या गावात नेटवर्क...’ मी म्हटलं, ‘तुमचं गाव मध्ये आणू नका!’ ती म्हणाली, ‘माझी आई...’ मी म्हटलं, ‘आईच्या आड लपू नका!’ मुली बाकांवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. प्राचार्या घंटी वाजवत होत्या, तर मी घंटीलाच म्हटलं, ‘मला बोलू द्या!’ शेवटी मी हेमाला विचारलं, ‘हो की नाही, एका शब्दात सांगा!’ आणि ती खाली बसली. तिची दोन मिनिटं अजून शिल्लक होती.

मला वाटलं, जिंकले. मग गुण लागले. हेमा एक्केचाळीस, मी नऊ. त्या नवातले पाच स्वच्छ गणवेशाचे. वर बिष्ट मॅडमनी, आमच्या वादविवादाच्या बाईंनी, सगळ्यांसमोर विचारलं, ‘गुनगुन, हेमाचं म्हणणं काय होतं?’ मला खरंच माहीत नव्हतं, दादू. मी तिला एकही वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

आता हेमा माझ्याशी बोलत नाही. तशी ती कुणाशीच फार बोलत नाही, पण आता तिचं ताटही दुसऱ्या टेबलावर असतं. जिल्ह्याला तीच जाणार. त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही, जितकं ताटाचं वाटतं.

आणि एक. पूर्वेच्या भिंतीवर टीव्ही? तिथे तर खिडकी आहे! मग पेपर कुठून जातो? सहाचा चहा कुठून येतो?

गुनगुन

---

बरेली,
७ ऑगस्ट

चि. गुनगुनला आशीर्वाद.

परीक्षक पक्षपाती होते. अशा वेळी सभात्याग करायचा असतो, ते सांगायचं राहून गेलं, ही माझी चूक.

खिडकी बुजवलेली नाही, नुसती झाकली आहे. तारवाला येऊन बटण दुसऱ्या भिंतीवर नेईल तेव्हा टीव्हीही हलेल. तारवाला ‘उद्या येतो’ म्हणाला आहे. तोवर पेपर दारानं जातो, चहा दारानं येतो. एवढं काय त्यात? पूर्वीही लोक दारानंच ये-जा करत होते.

मास्टर कामात आहेत.

तुझा दादू

त. क. निवृत्त मास्तराला कसलं काम? पेपर दारानंही जात नाही आणि चहाही येत नाही. टीव्ही आल्यावर दोन जुलैला दादूंनी त्यांना मुद्दाम बोलावलं. गुडघे धरत, गल्लीनं वळसा घालून आले बिचारे. पाऊण तासात चहा अर्धा टाकून उठून गेले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी आपल्या घरी कप अर्धा ठेवलेला नव्हता. त्या दिवसापासून दोघं भिंतीच्या दोन बाजूंना तोंड फुगवून बसलेत. इकडून ‘नगारा’ आणि तिकडून रेडिओवरची गाणी, आणि मध्ये माझे कान. मी गच्चीवरून डाळ पोचवते, ती खातात. त्यांना विचारलं, तर म्हणतात, ‘भाभी, डाळ छान झालीय.’ दादूंना विचारलं, तर म्हणतात, ‘विषय बदलू नकोस.’ – दादी

---

अल्मोडा,
रविवार, १३ ऑगस्ट

आदरणीय दादू,

बिष्ट मॅडमनी मला शिक्षा दिली होती. ती पुरी झाली, म्हणून आता सांगते. समोरच्याची बाजू आपण लिहायची आणि समोरच्याला वाचायला द्यायची. त्यानं ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं लिहून खाली सही केली, की सुटका. तोवर मंचावर तोंड उघडायचं नाही. इथे हा नियम सगळ्यांना लागू आहे. मागे स्वयंपाकीण आणि पांडे मॅडम पोळ्यांच्या जाडीवरून भांडल्या, तेव्हा त्यांनाही लागू झाला होता.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. लिहिलं, ‘हेमाचं म्हणणं असं की मोबाइल वाईट असतो.’ कागद परत. पुन्हा लिहिलं, परत. तिसराही परत. हेमा काही बोलत नाही, नुसती मान हलवते. शेवटी मी तिच्या पलंगावर जाऊन बसले आणि म्हटलं, बाई, तूच सांग.

तर तिचं म्हणणं असं, की तिच्या गावात नेटवर्क फक्त घराच्या छपरावर येतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन येणार म्हणून तिची आई बर्फातही छपरावर चढून बसते. पाच मिनिटांचा फोन ठरलेला असतो म्हणून एक दिवस चढते. हेमाकडे स्वतःचा मोबाइल आला, तर आई रोज दिवसभर छपरावरच बसेल, गुरांना चारा कोण घालेल?

दादू, अख्ख्या स्पर्धेत एवढा चांगला मुद्दा नव्हता, आणि तो मी अकरा वेळा बंद पाडला होता. त्यानंतर मी जे लिहिलं त्यावर तिनं सही केली. काल तिनं तिचं सफरचंद कापून मला अर्धं दिलं.

आता तुमची पाळी. मास्टरदादांची बाजू लिहा आणि त्यांची सही घ्या. अस्सल सही. नाहीतर दसऱ्याच्या सुट्टीत मी बरेलीला येणार नाही, हेमाबरोबर मुनस्यारीला जाणार आहे. तिच्या आईनं बोलावलंय.

हो की नाही, एका शब्दात सांगा.

गुनगुन

---

बरेली,
२१ ऑगस्ट

चि. गुनगुन,

मला शिकवतेस? दुधाचे दात पडले तेव्हा ते माझ्याच ओंजळीत टाकले होतेस, हे विसरू नकोस.

तरी तुझी दादी दसऱ्याच्या नावानं डोळ्याला पदर लावून बसली, म्हणून लिहायला घेतलं. पहिला कागद असा: ‘मास्टर तसद्दुक हुसेन यांचं म्हणणं असं की, देशात काय चाललंय हे त्यांना जाणून घ्यायचंच नाही.’ दादी गच्चीवरून घेऊन गेली. तासाभरात परत. लाल शाईनं खाली लिहिलेलं, ‘हे माझं म्हणणं नाही. हे तुझं माझ्याबद्दलचं म्हणणं आहे.’ निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लाल पेन काही सुटत नाही!

दुसऱ्यात लिहिलं की त्यांना टीव्हीचा आवाज मोठा वाटतो, तो साठवर होता. परत: ‘बासष्ट. मी पडद्यावर पाहिला.’ तिसऱ्यात खिडकीचं लिहिलं. परत: ‘खिडकी झाकण्याआधी मला विचारलं नाही, हेही लिही. अर्धी खिडकी माझी आहे.’ चौथ्यात अँकरबद्दल लिहिलं, की मास्टर त्याला जत्रेतला दंतमंजनवाला म्हणाले. त्यावर शेरा आला, ‘दंतमंजनवाला निदान दंतमंजन देतो.’

माझ्या हातून गेलेलं टपाल कधी परत आलं नाही, म्हणून मी आयुष्यभर मिरवलो. आता शेजारच्या घरातून चार कागद परत आलेत. पाचव्यात आवाज, खिडकी, अँकर, सगळं त्यांना हवं तसं लिहिलं. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आली. सही मात्र नाही. खाली एकच शब्द: ‘अपूर्ण’.

आता आणखी काय हवंय त्या माणसाला? तुझ्या मॅडमना विचार, असा हटवादी समोर असेल तर नियम काय म्हणतो.

तुझा दादू

---

अल्मोडा,
रविवार, ३ सप्टेंबर

आदरणीय दादू,

बिष्ट मॅडमना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अपूर्ण म्हणजे जे आजोबांना ठाऊक आहे आणि लिहायचं नाहीये ते.’

मला ते लगेच कळलं, कारण माझंही तसंच झालं होतं. तुम्हाला मी सगळं सांगितलं नव्हतं. हेमानं तिचं म्हणणं सांगितल्यावरही माझा चौथा कागद परत आला होता. स्पर्धेत मी तिच्या बोलण्याची नक्कल केली होती, डोंगरातल्या हेलाची. सगळ्या हसल्या होत्या. तेही लिहिलं, तेव्हा पाचव्यावर सही झाली. तुम्हालाही ते लिहायची मला लाज वाटली, म्हणून मागच्या पत्रात मी ते गाळलं.

दोन जुलैला तुम्ही काय बोललात, दादू?

गुनगुन

---

बरेली,
११ सप्टेंबर

लाडक्या गुनगुनला,

या वेळी सगळं पत्र माझंच. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून टीव्ही बंद आहे. सात वाजतात, हे त्याच्यासमोर बसतात, काळ्या काचेत स्वतःला बघतात आणि उठतात. केराच्या टोपलीत काल चार कागद सापडले. चारही कागद ‘त्या दिवशी मी’ इथपर्यंत येऊन थांबलेले.

काय बोलले ते मला ठाऊक आहे. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. पण ते मी लिहून उपयोगाचं नाही. माझाही राग आहे त्यांच्यावर, पण खोटं कशाला बोलू, आता दयाही येते. सकाळी कुकरच्या सहा शिट्या झाल्या, हे शेजारी बसलेले, तरी उठून गॅस बंद केला नाही. डाळीचा चिखल झाला. विचारलं तर म्हणतात, शिट्टी झालीच नाही. इतका माणूस विचारात बुडालेला मी पाहिला नाही.

दसऱ्याला ये गं. सही होवो न होवो.

दादी

---

बरेली,
१८ सप्टेंबर

चि. गुनगुनला अनेक आशीर्वाद.

सही मिळाली.

काल रविवारी दहावा कागद लिहिला. आवाज, खिडकी, अँकर, सगळं होतंच. त्याखाली लिहिलं ते तुलाही जसंच्या तसं कळवतो, कारण तूच विचारलं होतंस.

‘दोन जुलैला नगारा चालू होता. कुठल्याशा गावात दगडफेक झाली होती आणि सहा जण त्यावर ओरडत होते. मास्टर म्हणाले, बिरजू, आवाज कमी कर, डावीकडच्या खालच्या माणसाला बोलू तरी दे. मी त्यांच्याकडे वळलो आणि बोट रोखून म्हणालो, तुम्ही लोक याचं उत्तर का देत नाही? मास्टर माझ्या घरी चहा प्यायला आले होते. उत्तर द्यायला आले नव्हते. एकेचाळीस वर्षं मी त्यांना तू म्हणत आलो. त्या संध्याकाळी मी त्यांना माझ्याच बैठकीत सातव्या चौकटीत बसवलं.’

एवढं लिहायला मला सत्त्याहत्तर दिवस लागले. आकडा मास्टरांचा आहे, तेव्हा बरोबरच असणार.

हा कागद दादीकडे दिला नाही. स्वतः घेऊन गेलो, गल्लीनं वळसा घालून. मास्टरांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि उभ्यानंच वाचला. मग लाल पेन खिशात ठेवून निळं काढलं आणि लिहिलं, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं. तसद्दुक हुसेन.’ मला रडू आलं, गुनगुन. सत्तरीच्या माणसाला दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी निघालो, तर त्यांनी हाताला धरून आत बसवलं. आत जाऊन चहा टाकला. मग गणिताच्या जुन्या वहीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर तारीख होती पाच जुलै.

मथळा होता, ‘बिरजूची बाजू’. माझ्या आधी दीड महिना, कुणीही न सांगता, त्यांनी लिहून ठेवली होती. ही ती:

‘बिरजूला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. तो कुणाला सांगत नाही, घरातही नाही. मी खिडकीतून बोलतो, तेव्हा तो माझ्या ओठांकडे बघून मान हलवतो आणि भलत्याच जागी हसतो. मीही त्याला कधी हटकलं नाही, ही माझी चूक. गल्लीत, घरात, फोनवर त्याच्या वाट्याला अर्धंच बोलणं येतं. टीव्हीवरची माणसं ओरडतात, म्हणून त्यांचं त्याला सगळं ऐकू येतं. दिवसभरात तेवढंच बोलणं पुरं ऐकू आलं, तर माणसाला तेच खरं वाटू लागणार. तो जे बोलला ते वाईटच होतं. पण त्याला माझ्याशी भांडायचं नव्हतं. त्याला चार माणसांच्या बोलण्यात राहायचं होतं.’

मी दोनदा वाचलं. एकाही ओळीला ‘विषय बदलू नका’ म्हणता येईना.

मास्टरांनी निळं पेन माझ्यापुढे धरलं आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले, एवढंच मला कळलं. नेहमीसारखी मान हलवणार होतो. हसणारही होतो. पण हातातल्या कागदावर तेच लिहिलेलं होतं. मग मी ते म्हटलं, जे या दोन वर्षांत तुझ्या दादीलाही म्हटलं नव्हतं. ‘ऐकू आलं नाही रे. पुन्हा सांग.’

मास्टर खुर्ची ओढून माझ्या उजव्या कानाशी आले आणि म्हणाले, ‘सही नंतर कर. आधी चहा घे, निवतोय.’

चहा घेतला. मग सही केली.

तुझा दादू,
ब्रजनंदन